चढ, उतार आणि तर

समुद्रकाठचा रस्ता म्हटला म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, मुलांनो? मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या मुलाला बहुधा जुहूची चौपाटी आठवेल. सपाट वाळू, सपाट पाणी आणि त्यांच्या कडेने जाणारी तितकीच सपाट सडक. समुद्राची पातळी सर्वत्र सारखी. मग त्याच्या काठाने जाणाऱ्या वाटेला चढउतार असावेतच कशाला? हा विचार वरवर पाहता बिनचूक वाटतो. मी स्वतः पुष्कळ वर्षे तो मनात बाळगून होतो. मराठी शिकवता शिकवता बदली तासाला मी भूगोलही शिकवला, फळ्यावर कोकणचा नकाशा काढला, त्यात नद्यांच्या निळ्या रेघा ओढल्या. परंतु किनाऱ्याचा रस्ता हा चढाचा रस्ता असतो, हे मला सेवानिवृत्त झाल्यावर कळले. तेही पुस्तकातून नव्हे. पायांनी सांगितले तेव्हा कळले.

त्याचा पहिला धडा घराजवळच मिळाला. बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईची खाडी आहे. अलीकडे उंच इमारतींची दाटी आणि पलीकडे गोराई गाव. खाडी ओलांडावयास तेथे पूल नाही. सडकेनेच जावयाचे म्हटले तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा वीसपंचवीस किलोमीटरांचा वळसा पडतो. पाण्यावरून मात्र लाँच थोड्याच मिनिटांत पैलतीरी नेते. एका रविवारी उजाडता उजाडता मी माझी जुनी सायकल घेऊन धक्क्यावर गेलो. खलाशाने ती उचलून आत घेतली, तिचे निराळे भाडे घेतले, आणि लाँच तिवरांच्या झाडीकडे वळली. पैलतीरी उतरलो तेव्हा कान एकाएकी मोकळे झाल्यासारखे वाटले. भोंगे नाहीत, घरघर नाही. इतका आवाज आपण रोज ऐकत असतो, हे तो थांबल्यावरच ध्यानात येते.

तेथून डावीकडे मनोरी, उजवीकडे उत्तन. मी उत्तनची वाट धरली. काही अंतर माडांच्या सावलीतून गेल्यावर रस्ता टेकडीवर चढू लागला. सायकलीला गिअर नव्हते. अर्ध्या चढावर श्वास संपला. खाली उतरलो आणि सायकल ढकलत माथा गाठला. डाव्या हाताला समुद्र पसरला होता. खाली कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि त्यांचा वास वाऱ्याबरोबर वर येत होता. या सगळ्या भूभागाला धारावी बेट असे नाव आहे. मुंबईतील प्रसिद्ध धारावी ती निराळी. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या बेटावर मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली. टेकडी ज्याच्या हाती त्याला खाडीचे तोंड दिसते, हे त्या काळच्या सेनापतींना ठाऊक होते. मला ते दम लागल्यावर उमगले.

नऊ वाजून गेल्यावर मात्र सहलीला निघालेल्या मोटारी येऊ लागल्या आणि मी परत फिरलो. पण समुद्राच्या इतक्या जवळ एवढा चढ कसा आला, हा प्रश्न काही मला सोडीना. पुढे हिवाळ्यात दोन जुन्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी मांडवा ते रत्नागिरी असा सायकलीने प्रवास केला, तेव्हा त्याचे उत्तर सविस्तर मिळाले.

हे उत्तर समजून घेण्यासाठी आधी किनारा किती वेडावाकडा असतो ते पाहू. भारताच्या किनाऱ्याची लांबी ७५१६ किलोमीटर आहे असे कितीएक वर्षे पुस्तकांत छापले जात असे. अलीकडे सरकारने ती नव्याने मोजली, आणि २०२४ साली ११०९८ किलोमीटर हा आकडा प्रसिद्ध झाला. मधल्या काळात देश काही लांबला नाही. पूर्वी मोठी वळणे तेवढी मोजली होती. आता लहान खाचाखोचाही मोजल्या. तुम्ही नकाशावर एक जाड सुतळी आणि एक बारीक दोरा किनाऱ्याच्या रेघेवरून बसवून पाहा. दोरा प्रत्येक खाचेत शिरतो, म्हणून तो जास्त लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबीदेखील याच कारणाने निरनिराळ्या मोजणींत निरनिराळी भरते.

या खाचा पडल्या कशाने? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेल्या लाव्हारसाचे थरावर थर बसून आपला काळा कातळ तयार झाला. कोकणातील उष्णता आणि धो धो पाऊस यांनी त्या कातळाचा वरचा थर युगानुयुगे झिजवला. त्यातील विरघळण्याजोगे द्रव्य पाण्याबरोबर वाहून गेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. हाच जांभा दगड. त्याचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. खाऱ्या हवेत आमच्या सायकलींच्या साखळ्यांवर दोन दिवसांत जो तांबूस थर चढला, तो आणि जांभा ही एकाच घराण्यातली भावंडे म्हणावयास हरकत नाही. जांभ्याचे चिरे खाणीतून काढताना मऊ असतात आणि हवेत राहिल्यावर कठीण होतात, म्हणून कोकणात घरे, गडगे आणि विहिरी त्याच चिऱ्यांच्या बांधलेल्या दिसतात.

जांभ्याची ही टोपी घातलेली जी सपाट, उघडी माळराने कोकणात आहेत, त्यांना तिकडे सडा म्हणतात. सडा म्हणजे एक उंच ओटाच समजा. त्याची उंची कोठे साठसत्तर मीटर, कोठे शंभर-दीडशे. माथ्यावर झाड असे फारसे नसते. पावसाळ्यानंतर मात्र तेथे रानफुलांचा गालिचा अंथरलेला असतो. रत्नागिरी भागातील सड्यांवर प्राचीन माणसांनी कोरलेली प्राण्यांची व माणसांची मोठमोठी चित्रे सापडली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात, आणि २०२२ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

आता सह्याद्रीकडे पाहा. कोकणात तो समुद्रापासून फार दूर नाही. त्याच्या पश्चिम उतारावर पडलेल्या पावसाला समुद्राकडे धावण्यास अंतर थोडे आणि उतार पुष्कळ, त्यामुळे इकडच्या नद्या लांबीने लहान पण मोठ्या जोराच्या. त्यांनी हे सडे सुरीने केक कापावा तसे कापून काढले. पुढे आणखी एक गोष्ट घडली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी बर्फ होऊन जमिनीवर साठले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. नद्यांनी त्या खालच्या समुद्रापर्यंत आपली पात्रे खोल कोरली. नंतर बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि त्या नद्यांच्या मुखांत शिरला. या बुडालेल्या दऱ्या म्हणजेच आपल्या खाड्या. म्हणून त्या इतक्या रुंद आणि खोल आहेत, आणि म्हणूनच भरतीचे पाणी त्यांतून कितीएक मैल आत जाते.

तेव्हा कोकणचा किनारा कसा आहे? एक खाडी, मग सडा, मग पुन्हा खाडी, असा. समुद्राला समांतर जाऊ पाहणाऱ्या वाटेला प्रत्येक सड्यावर चढावे लागते आणि प्रत्येक खाडीशी उतरावे लागते. समुद्र सपाटच आहे. आपला रस्ता मात्र समुद्रावरून जात नसून त्याच्या दाराशी उभ्या असलेल्या ओट्यांवरून जातो.

आमच्या प्रवासाची सुरुवात मात्र अगदी सोपी झाली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी व सायकली नेणारी मोठी बोट २०२० पासून सुरू झाली आहे. तीत बसलो आणि तासाभरात पलीकडे उतरलो. अलिबाग, रेवदंडा हा भाग बराचसा सखल. रेवदंड्यास कुंडलिका नदीच्या खाडीवर पूल आहे. त्यानंतर कोर्लई, काशीद, मुरूड असे जाताना चढ सुरू होतात, आणि आगरदांड्यास रस्ता चक्क पाण्यात संपतो.

येथे तर मिळते. नदी किंवा खाडी ओलांडून नेणाऱ्या नावेला मराठीत तर म्हणतात, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे कोण जाणे! पूर्वी ती वल्ह्यांची किंवा शिडाची असे. आताची तर लोखंडी, सपाट बुडाची आणि यंत्रावर चालणारी असते. तिचे पुढचे तोंड खाली उतरते, धक्क्याच्या उतारावर टेकते, आणि मोटारी, बैल, माणसे, माशांच्या टोपल्या, सगळी त्याच वाटेने आत जातात. आगरदांड्याहून दिघी; पुढे दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर; मग बागमांडल्याहून वेशवी, आणि तेथे सावित्री नदीबरोबर रायगड जिल्हा मागे पडून रत्नागिरी जिल्हा लागतो. केळशी, आंजर्ले, हर्णै करीत दाभोळ गाठले म्हणजे वाशिष्ठीची खाडी आडवी येते. दाभोळहून धोपाव्यास मोटारी नेणारी तर २००३ साली सुरू झाली. त्यापूर्वी गाडी घेऊन समोरच्या गावी जावयाचे तर चिपळूणमार्गे शंभराहून अधिक किलोमीटर फिरून जावे लागे. समोरच्या काठावरची घरे मोजता येतात, आणि गाडीने तेथे जाण्यास अर्धा दिवस! गुहागर, वेळणेश्वर, हेदवी ही गावे झाल्यावर तवसाळहून जयगडची तर. मग गणपतीपुळे, आणि शेवटी आरे-वारे करून रत्नागिरी.

वाटेतील प्रत्येक गावाचे वर्णन मी करीत बसत नाही. परंतु दोन ठिकाणांविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनास जाणारा रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की भरतीच्या वेळी खडकांवर फुटलेल्या लाटेचे तुषार तोंडावर येतात. आणि आरे-वारेचा चढ! तो चढून वर आले की खाली दोन वाळूचे किनारे, मधोमध खाडीचे मुख, सुरूची बने आणि क्षितिजापर्यंत पाणी. तेथे आम्ही तिघेही काही न बोलता पाव तास उभे होतो. अर्थात, त्यात दम खाण्याचाही भाग होता.

रोज रात्री आम्ही दिवसभरातील चढांची बेरीज मांडत असू. एक सडा सरासरी शंभर मीटर उंच धरला, तर असे सोळासतरा सडे चढले म्हणजे किती झाले? महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे समुद्रकाठ न सोडता तितके चढणे झाले. आमच्यातील एकाने ती बेरीज वहीत लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि तो झोपी गेला.

एवढा चढ साठी ओलांडलेल्या माणसास झेपला कसा, असे तुम्ही विचाराल. उत्तनच्या टेकडीने मला शहाणे केले होते; या वेळी सायकल गिअरची होती. गिअर काय करतो ते नीट पाहण्यासारखे आहे. पायडलपाशी एक दातेरी चक्र असते आणि मागच्या चाकापाशी दुसरे. दोन्हींवरून साखळी फिरते. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला समजा ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असल्याने एका फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे फारच सोयीचे. पण रस्ता दर १२ मीटरांस एक मीटर चढत असेल, तर या एका फेरीत स्वार सुमारे ४५ सेंटिमीटर वर उचलला जातो. म्हणजे प्रत्येक फेरीला शाळेच्या बाकावर चढण्याइतके झाले. करून पाहा पन्नास वेळा!

आता साखळी अशा चक्रांवर टाका की पुढे २८ दाते आणि मागेही २८. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एकच फेरी, अंतर २.२ मीटर, आणि वर चढणे अवघे १८ सेंटिमीटर. ही झाली घराच्या जिन्याची एक पायरी. जिना तर आपण रोज चढतो. शंभर मीटरांची ही घाटी साध्या सायकलीने चढल्यास पायडलच्या सुमारे २२२ फेऱ्या होतील. लहान गिअरवर सुमारे ५४५ होतील. गिअर काम कमी करीत नाही, हे ध्यानात ठेवा. आपले आणि सायकलीचे ओझे शंभर मीटर वर न्यावयाचे ते न्यावेच लागते. तो त्या कामाचे लहान लहान तुकडे पाडून देतो, एवढेच. कोकणातील जुन्या लोकांना हे यंत्रावाचून ठाऊक होते. डोंगरउतारावरच्या त्यांच्या पाखाड्या पाहिल्या तर पायऱ्या ठेंगण्या आणि रुंद दिसतात. डोक्यावर हंडा किंवा पाटी घेतलेल्या माणसासाठी त्या बांधल्या आहेत.

चढापेक्षा उताराची भीती मात्र अधिक धरावी. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल थांबविण्यास जेवढे अंतर लागते, त्याच्या दुप्पट अंतर ४० च्या वेगाला लागेल असे वाटते. प्रत्यक्षात ते चौपट लागते. त्यातून जांभ्याचा बारीक लाल खडा वळणावर पसरलेला असतो. वळणात शिरल्यावर करकचून ब्रेक दाबणाऱ्याची गत काय होते, ते माझ्या उजव्या कोपरावर अजून लिहिलेले आहे. वेग आवरावयाचा तो वळणाच्या आधी, आणि दोन्ही ब्रेक सारखे दाबून.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. सकाळी ऊन चढू लागले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यावयास धावते. हे खारे वारे. रात्री उलटे घडते आणि जमिनीवरून मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. त्यांच्या आधाराने कोळी पहाटे होड्या बाहेर काढीत आले. कोकणात हिवाळ्यातील दुपारचा खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या सायकलस्वाराच्या पाठीवर त्याचा हात असतो, आणि परत येणाऱ्याच्या छातीवर. आम्ही येताना आगगाडीने आलो, याचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

या सर्व प्रवासात मला सर्वांत नवल कशाचे वाटले असेल, तर रस्त्यावरील शांततेचे. मुंबईहून गोव्याकडे जाणारी बहुतेक वाहने पनवेलहून निघणाऱ्या ६६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने जातात. तो महामार्ग समुद्रापासून बराच आत आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने सलग सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी १९८० नंतरच्या काळात उचलून धरली. काही खाड्यांवर पूल झाले; परंतु सर्वांत रुंद खाड्या तशाच राहिल्या. जेथे पूल नाही तेथे अवजड मालमोटारी सहसा फिरकत नाहीत. मोटारी येतात त्याही तरीच्या वेळापत्रकाने येतात. तर धक्क्याला लागली की सातआठ गाड्या एकामागून एक घाटी चढून जातात, दहा मिनिटे धूळ उडते, आणि मग पुढची तर येईपर्यंत रस्ता आपला. आम्ही त्यामुळे एक नेमच करून टाकला. तरीतून उतरल्यावर सर्व गाड्यांना पुढे जाऊ द्यावयाचे आणि मग सायकली काढावयाच्या. त्यानंतर तासन्‌तास पाखरांचा आवाज, लाटांचा आवाज आणि साखळीची कुरकुर, यांखेरीज काही ऐकू येत नसे. नाताळात आणि मे महिन्यात येथेही मोटारींची रीघ लागते, हे खरे. पण एरवीच्या दिवसांत अशी निवांत सडक मला महाराष्ट्रात दुसरी आढळली नाही.

म्हणजे ही शांतता पूल नसल्यामुळे आहे. हे मला समजले तेव्हा मनात आले की, पूल न झाले तर किती बरे होईल! हा विचार मी एका धक्क्यावर जवळजवळ मोठ्याने बोलून दाखविला.

पहाटेची वेळ होती. पहिली तर सुटावयास अवकाश होता. धक्क्याच्या उतारावर एक रिक्षा उभी होती आणि तिच्यात एक बाई मांडीवर सहासात वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीच्या अंगावर गोधडी होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "ताई, किती शांत आहे हो तुमच्याकडे!"

ती म्हणाली, "शांत आहेच, काका. रात्री दोनपासून ह्या शांततेतच बसलोय आम्ही. हिला ताप चढलाय, डॉक्टर पलीकडे. तर रात्रीची नसते ना."

मी गोधडीकडे पाहिले. मुलीचे डोळे मिटलेले होते आणि ओठ कोरडे पडले होते. माझ्या सायकलीवरील पाण्याची बाटली मी पुढे केली. बाईने ती घेतली, मुलीच्या ओठांना पाणी लावले आणि बाटली बूच घट्ट लावून परत दिली. आणखी काय बोलावे ते मला सुचेना.

कोकणच्या माणसाने पाण्याची ही अडवणूक पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. सडका नव्हत्या तेव्हा मुंबईहून तिकडे जाण्याची खरी वाट समुद्र हीच होती, आणि पावसाळ्यात ती जीवावरची होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्यांच्या घरात असे दुःख शिरले, त्यांना पूल नको असे सायकलीवरून हिंडणाऱ्या पाहुण्याने सांगावे, हे शोभत नाही. आता राहिलेल्या मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याची योजना सरकारने हाती घेतली आहे. ते पूल व्हावेत, असे मी त्या पहाटेपासून म्हणतो.

पण मग आमच्या त्या वाटेचे काय? याबाबत एक परदेशी हकीकत उपयोगी पडेल. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वेस्टपोर्टपासून अकिल बेटाच्या बाजूस एक आगगाडी धावत असे. ती १९३७ साली बंद झाली. मार्ग गवतात पडून राहिला. पुढे तेथील लोकांनी तीच पट्टी साफ करून सुमारे ४२ किलोमीटरांची वाट तयार केली आणि २०११ मध्ये ती पुरी झाली. तीवर मोटारींना मज्जाव आहे. फक्त चालणारे आणि सायकलवाले. आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, म्हणून ती वाटही सौम्य चढउतारांची आहे. मोठ्या वाहतुकीने टाकून दिलेली वाट लहान वाहनांनी उचलली, असे तेथे घडले. आपल्याकडे रुंद सागरी महामार्ग आणि पूल झाले म्हणजे वेगाची वाहने त्यांवरून जातील. गावागावांतून, माडांच्या आगरांतून आणि सड्यांवरून जाणाऱ्या जुन्या वळणावळणांच्या घाट्या मागे राहतील. त्या बुजू न देता राखल्या, आणि पुलाच्या कडेला सायकलीपुरती वाट काढली, तर शाळेत जाणाऱ्या मुलांनाही तिचा उपयोग होईल. कोकणात आजही कितीतरी मुले सायकलीनेच शाळेला जातात, आणि माझ्यासारखी हौस म्हणून नव्हे.

त्या दिवशी तर सुटली तेव्हा पूर्वेकडे उजाडले होते. खाडीचे पाणी शिसवी रंगाचे दिसत होते आणि ओहोटीमुळे पैलतीरी चिखलाची रुंद पट्टी उघडी पडली होती. तिच्यावर बगळे उतरले होते. खलाशाने कोणी न सांगता रिक्षा सर्वांत पुढे घेतली होती. तोंड धक्क्यावर टेकताच ती पहिली बाहेर पडली आणि घाटीच्या पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली. तिच्यामागून दुधाची गाडी गेली, दोन मोटारी गेल्या, फटफटीवरून एक मास्तर गेले. आम्ही तिघे नेमाप्रमाणे मागे थांबलो. धूळ खाली बसली. वर कोठेतरी रिक्षाचा आवाज अजून येत होता. तो हळूहळू बारीक होत थांबला. मग मी साखळी सर्वांत लहान गिअरवर टाकली आणि चढास लागलो.